वडिलांसाठी बाथटब : आठ बाय पाचच्या न्हाणीघरात कोणता बसवावा?

शेवंती_सहकारनगर

नमस्कार मंडळी. सहकारनगरला आमचा तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. इमारत 1994 साली बांधलेली, आरसीसीची आहे. मोठ्या न्हाणीघरातली फरशी दोन ठिकाणी पोकळ वाजू लागली आहे आणि खालच्या काकूंच्या छतावर ओल दिसू लागली आहे, त्यामुळे सगळे उकरून नव्याने करायचे हे ठरलेलेच आहे. एवीतेवी खर्च होणारच आहे, तर त्यात बाथटब बसवावा असे मनात आले, आणि त्यामागे कारण आहे.

माझे वडील 76 वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि सकाळी उठल्यावर पाय मोकळे व्हायला तास-दीड तास जातो. गेल्या दिवाळीत चुलतभावाकडे बंगळुरूला गेलो होतो, तेव्हा तिथल्या टबात ते रोज पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बसत असत आणि बाहेर आल्यावर काठी न घेता दिवाणखान्यापर्यंत चालत येत. परत आल्यापासून त्यांनी दोनदा तो विषय काढला. ते सहसा स्वतःसाठी काही मागत नाहीत, म्हणून मी हे मनावर घेतले आहे.

भवानी पेठेतल्या आणि बाणेरच्या दुकानांत मिळून तीन प्रकार पाहिले : भिंतीपासून सुटा उभा राहणारा साडेपाच फुटी टब, कोपऱ्यात बसणारा जेटवाला, म्हणजे मोटरने पाण्याचे झोत सोडणारा, साडेचार बाय साडेचारचा टब, आणि भिंतीलगत कट्ट्यात बसणारा पाच बाय अडीच फुटांचा साधा अ‍ॅक्रिलिक टब. न्हाणीघर आतून आठ बाय पाच फूट आहे, त्यात कमोड आणि बेसिनही आहे, आणि बाकीच्या आम्हा तिघांना बादलीनेच आंघोळ करायची असते. कोणता टब निवडावा, आणि निवडण्याआधी काय काय तपासावे, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

पायाभरणी

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो, म्हणून माझ्या बाजूने सुरुवात करतो. टबाचे वजन पाहताना टब, पाणी आणि माणूस अशी तीन वजने सरळ बेरीज करून लोक घाबरतात, पण हिशेब थोडा वेगळा आहे. पाच बाय अडीच फुटांचा टब ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत साधारण 200 लिटर धरतो असे मानू. माणूस आत बसला की तो आपल्या शरीराएवढे पाणी बाजूला सारतो, म्हणजे 65 किलोचा माणूस बसणार असेल तर पाणी सुमारे 135 लिटरच भरायचे. पाणी आणि माणूस मिळून 200 किलोच राहतात. त्यात अ‍ॅक्रिलिक टबाचे 35 किलो धरले तर 235 किलो वजन सव्वा चौरस मीटरहून थोड्या कमी जागेवर येते, म्हणजे दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास. आय.एस. 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात घरातल्या न्हाणीघराच्या स्लॅबसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो चल भार (माणसे, सामान वगैरेंचा) धरायला सांगितला आहे. तो भार संपूर्ण न्हाणीघरावर धरलेला असतो, टब मात्र त्याच्या तिसऱ्या भागाएवढीच जागा घेतो. त्यामुळे साधा अ‍ॅक्रिलिक टब निरोगी स्लॅबला जड जाऊ नये. बिडाचा टब घेतला तर टबाचेच वजन दीडशे किलोच्या घरात जाते आणि मग आकडा तीनशेच्या वर पोहोचतो. तो विचार तुमच्या इमारतीत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मी मुद्दाम ‘निरोगी स्लॅब’ म्हटले. खाली ओल दिसते आहे, त्यामुळे फरशी आणि भर काढल्यावर स्लॅबची सळई गंजली आहे का, हे अभियंत्याने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टबाचे पैसे भरू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमचे न्हाणीघर संकन स्लॅबचे असणार, म्हणजे स्लॅब नऊ इंच खाली आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा. आठ बाय पाच फुटांत नऊ इंचांची ही भर जवळपास दीड टन भरते. ती काढून त्या जागी हलके ब्लॉक घातले, ज्यांना आपल्याकडे सगळेच सिपोरेक्स म्हणतात, तर तेच काम अर्ध्या टनाच्या आसपास भागते. टब आणि त्यातला माणूस यांच्या एकत्र वजनाच्या चौपट वजन तुम्ही स्लॅबवरून उतरवलेले असेल. टबाची निवड दुकानात नव्हे, या भरीपासून सुरू होते.

नळजोड

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. वीस वर्षे प्लंबिंगची कामे घेतो आहे, त्यातून पाण्याच्या जाण्याबद्दल लिहितो, कारण येण्याबद्दल सगळे विचारतात आणि जाण्याबद्दल कोणी विचारत नाही.

जुन्या फ्लॅटमध्ये न्हाणीघराला एकच नहाणी ट्रॅप असतो, म्हणजे जाळीखालचे, थोडे पाणी धरून दुर्गंधी अडवणारे भांडे. बादलीच्या आंघोळीचे पाणी हळूहळू येते, ते त्याला झेपते. टबाची बूच काढल्यावर मात्र दीडशे लिटर पाणी काही मिनिटांत एकदम येते, आणि ट्रॅपला ते उचलता आले नाही तर ते जाळीतून उलटे वर येऊन न्हाणीघरभर पसरते. म्हणून टबासाठी वेगळी लाइन घ्यावी, तिचा स्वतंत्र ट्रॅप असावा, त्यात किमान 50 मिलिमीटर पाण्याचे सील राहावे, आणि मुख्य शाफ्टपर्यंत, म्हणजे इमारतीचे उभे सांडपाण्याचे पाइप जातात तिथपर्यंत, नीट उतार मिळावा. उतार किती मिळतो हे शाफ्ट टबाच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. शाफ्ट पलीकडच्या भिंतीला असेल तर पाइप कमोडच्या लाइनला वळसा घालून न्यावा लागतो आणि तिथेच पुढे केस अन् साबण अडकतात. टबाचा निचरा डाव्या हाताला हवा की उजव्या, हे त्यामुळे आधी ठरवा. दोन्ही प्रकार मिळतात, आणि चुकीचा घरी आला तर तो फिरवून बसवता येत नाही, कारण पाठीचा उतार उलट्या बाजूला जातो.

आता येणारे पाणी. एक बादली आणि घड्याळ घेऊन, गच्चीवरची टाकी निम्मी असताना, न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडून किती सेकंदांत बादली भरते ते मोजा. एवढा एक आकडा इथे टाका, पुढचे सांगतो.

शेवंती_सहकारनगर

आज सकाळी मोजले. पंधरा लिटरची बादली भरायला 110 सेकंद लागले. दुसऱ्यांदा मोजले तेव्हा 115. गिझर 25 लिटरचा, 2 किलोवॉटचा आहे. गच्चीवर सोसायटीचा सौर बंब आहे, पण त्याचे पाणी सकाळी आठनंतर कोणाला किती मिळेल याची खात्री नसते.

नळजोड

म्हणजे मिनिटाला सुमारे आठ लिटर. 135 लिटर भरायला सतरा मिनिटे लागतील, तीही दुसऱ्या कोणी नळ उघडला नाही तर. हे चालण्यासारखे आहे, पण भिंती उकरल्याच आहेत तर टबाच्या नळापर्यंत अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची लाइन घ्या आणि टबाला शॉवरचा नव्हे, टबाचाच मोठ्या तोंडाचा नळ लावा. जेटवाल्या टबाचा मोह इथेच सोडावा असे सुचवतो, त्याचे कारण पुढे कोणीतरी विजेच्या अंगाने लिहीलच.

ठिणगी

लिहितो. विजेची कामे हा माझा व्यवसाय आहे.

आधी गरम पाणी, कारण बाथटब घेऊन नंतर न वापरलेली जी घरे मी पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचे टब गरम पाणी न पुरल्यामुळे पडून राहिले. पुण्यात हिवाळ्यात नळाचे पाणी साधारण 20 अंशांचे धरू आणि टबात 40 अंशांचे हवे आहे. गिझरमधले 25 लिटर पाणी 60 अंशांवर असेल तर त्यात तेवढेच गार पाणी मिसळून जास्तीत जास्त 50 लिटर कोमट पाणी मिळते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण गरम पाणी बाहेर पडत असताना आत गार पाणी शिरत असते. 135 लिटरसाठी गिझर तीन ते चार वेळा तापवावा लागेल. प्रत्येक वेळी 2 किलोवॉटला सुमारे 35 मिनिटे लागतात. तिसरा गिझर तापेपर्यंत पहिल्याचे पाणी टबात निवलेले असेल आणि तुमचे वडील कोमटाऐवजी गार पाण्यात पाय ठेवतील.

यावर उपाय म्हणजे साठ्याचा मोठा गिझर, किमान 70 ते 100 लिटरचा, किंवा सौर बंबाची खात्रीची स्वतंत्र लाइन. एका टबाला वीज साडेतीन युनिटच्या आतच लागते, त्यामुळे प्रश्न बिलाचा नाही, साठ्याचा आहे. भरलेला 100 लिटरचा गिझर सव्वाशे किलोच्या आसपास जातो, म्हणून तो विटांच्या भक्कम भिंतीवरच टांगावा.

गॅस गिझरचा सल्ला कोणी दिला तर तो न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नका. टब भरायला तो सतरा-अठरा मिनिटे सलग जळणार, दार-खिडकी बंद असणार, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यात बसलेल्या वयस्क माणसाला ग्लानी येते आहे हे त्याला स्वतःलाही कळत नाही. अशा दुर्घटना दर हिवाळ्यात घडतात आणि त्या पूर्णपणे टाळता येण्यासारख्या असतात.

जेटवाल्या टबाबद्दल. या प्रकाराची सुरुवात खरे तर उपचारासाठीच झाली. अमेरिकेतल्या जकूझी कुटुंबाने संधिवात असलेल्या आपल्या मुलासाठी टबात सोडायचा पंप तयार केला, तो 1956 साली बाजारात आणला, आणि जेट अंगातच असलेला टब 1968 मध्ये आला. त्यामुळे तुमच्या मनात तो येणे अगदी योग्य आहे. पण टबाखाली मोटर, तिच्यासाठी वेगळी वायर, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हे सगळे लागते. जेटच्या नळ्यांत थोडे पाणी कायम राहते, आणि बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी मिसळत असेल तर क्षारांनी तोंडे बुजतात. मोटर बंद पडली की कट्टा फोडावा लागतो. आरसीसीबी मात्र साध्या टबालाही, म्हणजे न्हाणीघराच्या गिझरच्या लाइनला, बसवाच.

उंबरठा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आतापर्यंतची चर्चा टबाविषयी झाली, मी तुमच्या वडिलांविषयी लिहिते.

कोमट पाण्यात बसल्याने सांध्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो आणि स्नायू सैल होतात, हा त्यांचा अनुभव खरा आहे. मात्र टबात बसणे हा सोपा भाग आहे. आत जाणे आणि त्याहून जास्त बाहेर येणे हा अवघड भाग आहे. गरम पाण्यातून एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरतो, पाय ओले असतात आणि टबाचा तळ गुळगुळीत असतो, या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळून येतात.

दुकानात बहुतेक जण कमी उंचीची कडा शोधतात, कारण ओलांडायला ती सोपी वाटते. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी उलट सांगते. त्याने कडा उभ्याने ओलांडूच नये. कडेवर बसावे, एक एक पाय हाताने उचलून आत घ्यावा, आणि मग खाली सरकावे. त्यासाठी कडा खुर्चीच्या उंचीची, म्हणजे 16 ते 18 इंचांची, आणि मांड्या टेकतील इतकी रुंद असायला हवी. सुटा उभा राहणारा टब म्हणून तुमच्यासाठी बाद आहे. त्याची कडा बारीक आणि गोलसर असते, तिच्यावर बसता येत नाही, आणि त्याच्या भोवती हात धरायला भिंतही नसते. दिसायला तो फार सुंदर असतो हे मान्य करूनही सांगते.

भिंतीलगतचा टब आणि त्याच्या डोक्याच्या बाजूला 14 ते 16 इंच रुंद, टबाच्या कडेला समपातळीत असलेला बांधीव कट्टा, ही रचना मला सर्वांत योग्य वाटते. कट्ट्यावर फरशी खरबरीत घ्या. भिंतीवर दोन दांडे हवेत, एक कट्ट्याजवळ उभा आणि एक टबाच्या लांबीला आडवा, आणि ते टाइलवर चिकटवलेले नकोत, विटेत रोवलेले हवेत. दांड्यांच्या जागा आत्ताच गवंड्याला खुणा करून द्या.

दुकानात वडिलांना घेऊन जा आणि कोरड्या टबात खरेच बसवून पाहा. पाच फुटी टब आतून तळाशी जेमतेम चार फूट असतो. पाय पूर्ण ताणता आले नाहीत तरी चालेल, उलट पाय समोरच्या टोकाला टेकले तर माणूस घसरून पाण्याखाली जात नाही. उंची कमी असलेल्या माणसाला लांब टब म्हणूनच धोक्याचा असतो. पाठीच्या उतारावर त्यांची मान टेकते का, आणि तिथून हातांवर भार देऊन त्यांना उठता येते का, हे दोनदा पाहा. उठता आले नाही तर टबाचा विचार सोडून भिंतीतला बसायचा कट्टा आणि हँड शॉवर करा. त्यानेही त्यांची सोय होईल, आणि तसे करण्यात काही कमीपणा नाही.

एक शेवटचे : सौर बंबाचे पाणी उन्हाळ्यात फार तापते. 60 अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. तापमान ठरावीक अंशावर रोखणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर घ्या आणि 38 ते 40 वर लावून ठेवा.

ओलीचा_डाग

आमच्याकडे झालेले सांगतो, म्हणजे तुमच्याकडे होणार नाही. कोथरूडच्या घरी सात वर्षांपूर्वी टब बसवला. ठेकेदाराने समोरची भिंत टाइल लावून पूर्ण बंद केली, कारण झाकण ठेवले तर ते चांगले दिसणार नाही असे त्याचे म्हणणे होते आणि मीही मान डोलावली. दीड वर्षाने खालच्या कुटुंबाने बोलावले. त्यांच्या छताला रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि मध्ये मिठासारखी पांढरी फुले आली होती. टबाच्या निचऱ्याच्या जोडाला असलेला रबरी वायसर सरकला होता, एवढेच. दहा मिनिटांचे काम, पण तिथे हात पोहोचायला वाट नसल्यामुळे कट्टा, टाइल आणि शेवटी टबही काढावा लागला. घरातल्या न्हाणीघरामुळे झालेल्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाने करायचा असतो असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहेच, त्यामुळे खालचे छतही आम्हीच रंगवून दिले. पैशांपेक्षा त्या वयस्क बाईंनी वर्षभर त्या डागाखाली बादली ठेवून आम्हाला काही सांगितले नव्हते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

निचऱ्याच्या बाजूला किमान फूटभर बाय फूटभराचे उघडता येणारे झाकण ठेवा. त्याला लोहचुंबकाने बसणारी टाइल लावता येते, ती वेगळी दिसतही नाही. आणि टबाच्या खालच्या जमिनीलाही उतार व वॉटरप्रूफिंग करून घ्या. टब आहे म्हणून खाली पाणी येणारच नाही, असे धरू नये.

उंड्रीकर

आमच्या सोसायटीत वर्षातले कित्येक महिने टँकर येतो, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एकदा टब भरणे हे एका माणसाचे दिवसाचे संपूर्ण पाणी आहे. वडिलांच्या दुखण्यासाठी टब घेऊ नये असे मी अजिबात म्हणत नाही, पण ते पाणी पुन्हा वापरायची सोय आत्ताच करा. साबण न लावता नुसते बसलेले पाणी चांगले स्वच्छ असते. ते बादलीने कमोडला आणि फरशी पुसायला दोन दिवस सहज पुरते.

कसबा_पेठ

मूळ विषयाला जरा लागून विचारतो. आमच्या आजोळी तांब्याचा बंब आणि मोठे घंगाळ होते. तांबट आळीत अजूनही मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन घडवलेली, भांडी घडतात. तांब्याचा टब घडवून घेतला तर तो भारतीय घराला जास्त शोभेल असे मला मनापासून वाटते. कोणी केला आहे का?

पायाभरणी

तांबे उष्णता फार लवकर वाहून नेते, त्यामुळे एकाच पत्र्याच्या टबात पाणी अ‍ॅक्रिलिकपेक्षा लवकर निवते. शिवाय तो घासूनपुसून ठेवण्याचे काम घरात कोणाच्या वाट्याला येईल, याचाही विचार करावा. पाय शेकायला मठारलेले घंगाळ मात्र जरूर घ्यावे. ज्यांना टबात उतरणे शक्य नाही त्यांच्या घोट्यांना आणि पावलांना त्यात आराम मिळतो आणि पाणी फक्त पंधरा-वीस लिटर लागते.

शेवंती_सहकारनगर

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या तीन आठवड्यांत बरेच काही झाले, ते क्रमाने लिहिते.

कोबा काढला. दोन ठिकाणी सळईला वरवर गंज होता, अभियंत्यांनी तो घासून घेऊन दुरुस्ती करून दिली आणि लेखी कळवले की अ‍ॅक्रिलिक टबाला हरकत नाही. तो कागद जोडून सोसायटीची परवानगी घेतली. भर सिपोरेक्सची ठरवली आहे.

वडिलांना दुकानात नेले. त्यांनी चपला काढून, कोणालाही हात लावू न देता, पाच फुटी टबाच्या कडेवर बैठक मारली आणि एक एक पाय आत घेतला. पाय समोर टेकले. दुसऱ्या एका टबात पाठीचा उतार फार निजलेला होता, त्यातून त्यांना उठता आले नाही. दोन्ही टब कागदावर सारख्याच मापाचे होते, बसल्याशिवाय हा फरक मला कधीच कळला नसता. मी आत उभी राहून टाचेवर जोर दिला तेव्हा एका टबाचा तळ दबला, दुसऱ्याचा नाही. न दबणारा, कमी उताराचा, उजव्या हाताच्या निचऱ्याचा पांढरा टब ठरवला आहे. कडा 17 इंच येईल आणि कट्टा 15 इंच रुंद. गिझर 100 लिटरचा. टब आठवड्यातून दोनदा भरायचा आणि पाणी कमोडसाठी ठेवायचे, असे घरात ठरले. उरलेल्या जागेत बादली आणि पाट मावतो, तेही टेप लावून पाहिले.

आता दोनच शंका आहेत. दार अडीच फुटी आहे आणि टबही अडीच फूट रुंद, तर तो आत जाईल का? आणि संकन भाग खोल आहे, तर टब तीन-चार इंच खाली उतरवून घ्यावा असे गवंडी म्हणतो आहे, ते करावे का?

नळजोड

टब आडवा कलता केला की त्याची जाडी 17 इंचांचीच असते, त्यामुळे दारातून तो सहज जाईल. जिन्याच्या वळणावर मात्र उभा करूनच वर न्यावा लागेल, चार माणसे सांगा. मिळाला की कमोड बसवण्याआधी तो आत आणून ठेवा, नंतर फिरवायला जागा राहत नाही.

टब खाली उतरवू नका. ट्रॅपला आणि उताराला लागणारी खोली तुम्ही टबाला देऊन टाकाल, आणि कडाही खुर्चीच्या उंचीची राहणार नाही. आतला तळ बाहेरच्या फरशीच्या जवळपास पातळीत ठेवा, म्हणजे बसून आत पाय टेकवताना त्यांना अंदाज चुकणार नाही.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर संकनमध्ये पाणी भरून 48 तास उभे ठेवा, रेषेवर पेन्सिलीने खूण करा, आणि दोन्ही दिवस खाली काकूंकडे जाऊन छत बघा. टब बसल्यावर, समोरची टाइल लावण्याआधी, तो काठोकाठ भरून बूच काढा आणि झाकणाच्या जागेतून टॉर्च लावून जोडाखाली कोरडा कागद ठेवून पाहा. कागद कोरडा राहिला तरच गवंड्याला पुढचे काम सांगा.

शेवंती_सहकारनगर

गुरुवारी पाणी भरून ठेवले आहे. पेन्सिलीची खूण आज सकाळी होती तिथेच आहे. काकूंनी स्वतःच वर येऊन सांगितले की त्यांचे छत कोरडे आहे. उद्या संध्याकाळी पुन्हा पाहून इथे कळवते.